आजोबांची सुईची गोष्ट

माझे आजोबा इंग्रजांच्या राज्यात सरकारी मोजणीदार होते. हे वाक्य आमच्या घरात इतक्यांदा म्हटलं गेलं, की शाळेत 'माझे कुटुंब' हा निबंध लिहिताना मी वडिलांच्या आधी आजोबांची नोकरी लिहिली होती. वडील बिचारे कारकून होते, त्यांचं कौतुक कुणालाच नव्हतं. नागपूरच्या नंदनवन भागातल्या आमच्या घरात बैठकीच्या भिंतीवर आजोबांचा फोटो अजून टांगलेला आहे. खाकी कोट, गुडघ्यापर्यंत पट्ट्या, काखेत टोप, आणि चेहऱ्यावर असा भाव की फोटोवाल्याने कॅमेरा चुकीच्या जागी लावला आहे.

मी त्यांना ओळखलं ते म्हातारपणी, नोकरी संपल्यावर. उन्हात वर्षानुवर्षं डोळा बारीक करून दूरची निशाणी पाहिल्याने एका डोळ्याची दृष्टी पार गेली होती, दुसऱ्याने जेमतेम दिसायचं. तरी घरातली कुठली वस्तू वाकडी आहे ते त्यांना बसल्या जागी कळायचं. खाट भिंतीला समांतर हवी. ताटं एका रेषेत हवीत. कपड्यांच्या दोरीला झोळ पडला की ते अंगणात उभे राहून आईला हाका मारायचे, जणू दोरी सैल सोडून तिने सरकारचं नुकसान केलं होतं. आई पुटपुटत दोरी ताणायची. ते वारल्यावर तिने पहिली गोष्ट कुठली केली असेल, तर ती दोरी सैल सोडली.

मॅट्रिक झाल्यावर कुणाच्या तरी ओळखीने ते खात्यात लागले. दिवाळी झाली की दौरा सुरू व्हायचा, तो उन्हाळा अंगावर येईपर्यंत. बैलगाडीत तंबू, मोजणीचं टेबल, साखळ्या, भांडीकुंडी, आणि शिधा. काटोल, नरखेडकडच्या गावांत त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. मोजणीच्या गावात कुणाकडचं पाणी प्यायचं नाही, संत्र्याची फोडसुद्धा तोंडात टाकायची नाही, हा त्यांचा नियम. आज पाणी प्यायला दिलं की उद्या धुरा हातभर सरकवून मागतात, असं ते म्हणत. धुरा म्हणजे शेताचा बांध. त्यांनी आयुष्यात लाच घेतली नाही, हे खरं आहे, आणि पुढे जे सांगणार आहे त्याने ते खोटं ठरत नाही.

त्या दौऱ्यांत घराचं काय झालं, तेही सांगायला हवं. त्यांची थोरली मुलगी, म्हणजे मी कधी न पाहिलेली आत्या, तापाने गेली तेव्हा ते बाहेरगावी होते. निरोप पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. आजोबा आले, बसले, जेवले आणि सकाळी परत गेले, कारण अर्धी मोजणी उघडी टाकून आले होते. आजी मरेपर्यंत एकच म्हणत राहिली, की त्यांना साऱ्या जिल्ह्यातले धुरे ठाऊक आहेत, पोरीला कुठे पुरली तेवढं ठाऊक नाही. आजोबा समोर बसून हे ऐकायचे आणि अडकित्त्याने सुपारी कातरत राहायचे.

असा हा माणूस. बोलायचा कमी, हसायचा त्याहून कमी. पण घरी पाहुणे आले, चहा झाला, की त्यांना एक गोष्ट सांगायची हुक्की यायची. सुईची गोष्ट. आम्ही भावंडं ती ऐकायला स्वयंपाकघरातून धावत येत असू, कारण आजोबांना नक्कल करताना पाहायची ती एकच संधी होती.

ही सुई म्हणजे कापड शिवायची नव्हे. हातभर लांबीची लोखंडी सळई, एक टोक अणकुचीदार, दुसऱ्या टोकाला कडी. जमीन मोजताना साखळीचं एक टोक पुढच्या माणसाकडे असतं, एक मागच्याकडे. पुढचा साखळी ताणतो आणि ती जिथे संपते तिथे एक सुई जमिनीत खोचतो. दोघं पुढे सरकतात. मागचा त्या सुईपाशी आला की ती उपटून हातात घेतो. सुया असतात दहा. दहाही मागच्याच्या हातात जमल्या, की दहा साखळ्या झाल्या असं लिहायचं आणि सगळ्या सुया परत पुढच्याला द्यायच्या. सारा हिशोब त्या सुयांवर. शिकलेला असो की अडाणी, हे काम एका दुपारी येतं.

आजोबांच्या हाताखाली साखळी धरायला दोन गडी असत. गोष्टीतल्या गावात त्यांतल्या एकाला हिवताप झाला म्हणून मागचं टोक आजोबांनी स्वतः धरलं. पुढचं टोक धरणारा गडी गावातलाच, महारवाड्यातला. तेव्हा त्या वस्तीला तेच म्हणत. आता प्रश्न असा, की दहा सुया जमल्यावर त्या त्याच्या हातात द्यायच्या कशा? साखळी दोघांनी दिवसभर धरलेली चालायची. लोखंडाला विटाळ नसतो, असा आजोबांचा खुलासा होता. पण हाताला असतो. म्हणून सुया वरून जमिनीवर टाकायच्या, चार पावलं मागे व्हायचं, मग त्याने पुढे येऊन वेचून घ्यायच्या.

इथे आजोबा उभे राहायचे. चहाचे चमचे घेऊन ते हवेतून सतरंजीवर सोडायचे आणि नाक वर करून मागे सरायचे. पाहुणे तेवढ्यानेच हसायला लागत.

"टाकल्या मी सुया," आजोबा सांगत. "गवत हे एवढं, कमरेला लागे. त्यानं वेचल्या, लागला पुढे. मोजल्या का? नाही मोजल्या. मी म्हणलं त्यानं मोजल्या असतीन, त्यानं म्हणलं साहेबानं मोजून टाकल्या असतीन. संध्याकाळी तंबूत पाहतो तं सुया नऊ! सरकारी सुई गेली ना गा! मी मालगुजाराले बोलावलं. त्यानं त्या गड्याले दोन लगावल्या, अन् म्हणे, सुई आण, मंग भाकर भेटन. अंधारात धाडला वावरात. मी पाहून राहिलो तंबूतून, कंदील इकडं जाये, तिकडं जाये, काजवा कसा फिरते! सकाळी उठतो तं गडी गायब. सुई धुंडाले गेला अन् सुईपायी गावच सोडून पळाला बेटा!"

पाहुणे खो खो हसायचे. आजोबा मागे टेकून, समाधानाने जोडत, की सुई गेली पण काम थांबलं नाही, मोजणीची ती ओळ ठरल्या दिवशीच पुरी केली. मालगुजार म्हणजे तेव्हाचा गावाचा सारा गोळा करणारा मालक, हे मला पुढे कळलं. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, की मग तो माणूस गेला कुठे? आजोबा माझ्यावर असे खेकसले की मी पुन्हा तो प्रश्न काढला नाही. हसण्याच्या गोष्टीत काय विचारतेस, असं आई नंतर म्हणाली.

वडील आणखी एक आठवण सांगायचे. छप्पन साली दसऱ्याला नागपुरात पांढरी वस्त्रं नेसून माणसांचे लोंढे आले, बौद्ध व्हायला. आजोबा तेव्हा नोकरीतच होते, बदलीने शहरात आलेले. ओसरीत उभे राहून ते रस्त्यावरून जाणारी ती माणसं बराच वेळ बघत होते. मग आत येऊन म्हणाले, "आता साखळी कोण धरन?" वडिलांना यात गंमत वाटायची. मला लहानपणी ती कळत नसे, आणि आता कळते तेव्हा वडिलांचाही राग येतो.

मी भूगोल शिकवून निवृत्त झाले. पोरींना नकाशा वाचायला शिकवण्यात जन्म गेला. सुईची गोष्ट मात्र आजोबांच्या पाठोपाठ मागे पडली. ती पुन्हा वर आली ती परवापरवा, एक बाई माझं घर शोधत आली तेव्हा.

पंचावन्नच्या आसपासची असेल. नरखेड तालुक्यातल्या एका गावातून एसटीने आली होती. गावच्या शाळेत खिचडी शिजवायचं काम करते. तिची भाची माझी विद्यार्थिनी, तिच्याकडून पत्ता काढला होता. खुर्चीत बसली तीही टोकावर.

"मॅडम, तुमच्या आजोबायनं आमचं गाव मोजलं होतं," ती म्हणाली. "नकाशाच्या कोपऱ्यात त्याइचं नाव हाये. म्हणून आली."

तिची अडचण तिने सरळ सांगितली. गावाच्या पूर्वेला तिची वस्ती, बौद्धांची. घरांची शेवटची ओळ संत्र्याच्या बगिच्याला लागून. बगिच्याच्या मालकाने नवं कुंपण घालण्यासाठी जमीन मोजायला लावली. आता साखळी नाही, उपग्रहावरून मोजणारं यंत्र असतं, काठीवर बसवलेलं. यंत्राने जुन्या नकाशाप्रमाणे मोजलं आणि ती सबंध ओळ बगिच्यात निघाली. आबादीच्या, म्हणजे गावठाणाच्या, हद्दीबाहेर. मालकाने जागा मोकळी करून मागितली. तालुक्याला सुनावणी लागली होती.

"आमची घरं कवापासून तिथंच हायेत. माझा म्हातारा बाप त्याच घरात जन्मला. घर काई चालत जाते का, मॅडम? मंग ते बगिच्यात कसं गेलं?" तिने विचारलं. आजोबांचे काही कागद असतील तर बघावे, एवढ्यासाठी ती आली होती.

कागद नव्हते. मागेच रद्दीत गेले होते. मी तसं सांगितलं. ती मान हलवत उठली आणि तिचं लक्ष भिंतीकडे गेलं.

"हेच का ते?"

"हो."

"माझा आजा त्याइच्यासंगं साखळी धरे म्हणतात."

आजोबांच्या गोष्टीत त्या माणसाला नाव नव्हतं, तो नुसता 'गडी' होता. गोष्टीतल्या माणसाला नात असते, ती गुडघे दुखतात म्हणून जिन्याच्या कठड्याला धरून आपल्या घरी येते, हे मला कधी सुचलंच नव्हतं. आणि त्याच क्षणी, इतकी वर्षं नकाशे शिकवूनही जे डोक्यात आलं नव्हतं, ते आलं. मी तिला बसवलं.

माचिसच्या काड्या घेऊन मी जेवणाच्या टेबलावर मांडून दाखवलं. दहातली एक सुई गवतात राहिली. कुणी मोजल्या नाहीत. म्हणजे पुढच्या फेरीला सुया नऊ साखळ्यांतच संपल्या आणि कागदावर दहा लिहिल्या. मोजणी पूर्वेच्या हद्दीच्या दगडापासून गावाकडे येत असणार. जमिनीवर जे अंतर होतं त्यापेक्षा कागदावर एक साखळी जास्त झालं. सगळी वस्ती नकाशात तेवढीच पश्चिमेला सरकली, आणि तिची मोकळी पडलेली जागा शेतात दाखवली गेली. साखळीची लांबी म्हणजे घर आणि अंगण, दोन्ही त्यात बसतात.

तिने काड्यांकडे नीट पाहिलं. "म्हंजे घरं नाही सरकली," ती म्हणाली. "कागद सरकला."

"हो. आणि मी येऊन तसं सांगेन."

सुया वरून का टाकल्या ते तिला सांगायची गरज पडली नाही, ते तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पण मालगुजाराने मारलं, भाकर दिली नाही, अंधारात शेतात धाडलं, ते मी सांगितलं नाही. आमच्या घरात ते हसण्यावारी सांगत हे कुठल्या तोंडाने सांगणार होते? शिवाय गोष्टीप्रमाणे तो माणूस घरदार सोडून पळाला होता. पळून गेलेल्या माणसाबद्दल त्याच्या नातीला काय विचारायचं? मी विषय टाळला आणि तिला बसस्टँडपर्यंत ऑटो करून दिला.

संध्याकाळी माझा धाकटा भाऊ, जो वरच्या मजल्यावर राहतो, तावातावाने खाली आला. त्याच्या बायकोने सगळं ऐकलं होतं.

"ताई, तू काहून या भानगडीत पडून राहिली? आजोबाले भर कचेरीत नालायक ठरवशील?"

"चूक केली ना त्यांनी."

"अगं, एवढी चूक असती तं तवाच सापडली असती. मोजणीच्या दुसऱ्या ओळी जोडताना जमलंच नसतं."

हे मात्र तो बरोबर बोलला. जमलं नसणारच. जमलं नाही म्हणजे ते जमवलं असणार. टेबलावर बसून, आकडे थोडे इकडे थोडे तिकडे ढकलून. पुन्हा मोजायचं तर आठवड्याचं काम पाण्यात, वरून साहेबाची बोलणी. मी हे म्हणाले तेव्हा भाऊ फोटोकडे पाहत उभा राहिला. मग म्हणाला, तुझ्या एका गोष्टीनं सरकारचा नकाशा बदलत नसतो, आणि निघून गेला. पुढे कित्येक दिवस आम्ही जिन्यात एकमेकांना बाजू देत नुसते चढउतार करत होतो.

सुनावणीला मी माझी बरी साडी नेसून गेले. शिक्षिकेचं लोक ऐकतात, हा भ्रम मला तोवर होता. लांबट खोली, वर पंखा, टेबलामागे एक तरुण अधिकारी, सभ्य. एका बाजूला बगिच्याचा मालक, त्याचे वकील आणि त्याच्याबरोबर आलेले चारसहा जण. मालक काही राक्षस नव्हता. त्याने मला बसायला स्वतःची खुर्ची दिली. त्याच्या कागदावर जमीन त्याची होती, आणि तो कागद त्याने केला नव्हता. दुसऱ्या बाजूला वस्तीतले लोक, ती बाई पुढे.

मी ठरवून गेले होते, की फक्त सुयांचं सांगायचं. दहा, नऊ, साखळी, संपलं. सुरुवात तशीच केली. पण ती गोष्ट मला एकाच तऱ्हेने येत होती. लहानपणी ऐकून पाठ झालेली, कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळ्यासकट. अधिकाऱ्याने विचारलं, सुई हरवल्याचं कळलं कधी? मी म्हणाले, संध्याकाळी तंबूत. मग काय केलं? आणि मी सांगत गेले. मालगुजार आला. दोन लगावल्या. सुई आण, मग भाकर. कंदील इकडे जातो, तिकडे जातो. माझ्याही नकळत माझा हात हवेत फिरला. सकाळी गडी गायब. सुई शोधायला गेला आणि सुईपायी गावच सोडून पळाला.

मालकाच्या बाजूचे लोक हसले. वाईट बुद्धीने नव्हे. गोष्ट हसवण्यासाठीच बांधलेली होती आणि मी ती नीट सांगितली होती. अधिकाऱ्यानेही ओठ दाबले. वस्तीतलं कुणी हसलं नाही. ती बाई माझ्याकडे एकटक बघत होती. मला वाटलं जमीन दुभंगावी आणि खुर्चीसकट आत जावं. आजवर कुठल्या वर्गात, कुणासमोर मला इतकी लाज वाटली नव्हती.

"मॅडम, तुम्ही स्वतः तिथं होता का?" अधिकाऱ्याने विचारलं.

"मी कशी असेन? माझे वडील तेव्हा रांगत होते."

"म्हणजे ऐकीव," तो म्हणाला आणि तेवढंच लिहून घेतलं. वकिलांना मला काही विचारायची गरजही वाटली नाही.

निकाल नंतर लागला. नकाशा कायम राहिला, घरं हद्दीबाहेर ठरली. पुढे जेसीबी येऊन घरांची ती ओळ पाडून गेला. वस्तीतल्या काहींनी गावात नातेवाइकांकडे आसरा घेतला, काही नागपूर, कामठीकडे कामाला निघून गेले. वरच्या कोर्टात जायचं चाललं आहे असं ऐकते. तिथेही ऐकीव गोष्टीचं काय होणार ते मला ठाऊक आहे.

पण त्या दिवशी कचेरीबाहेर जे झालं, ते सांगायचं राहिलं. मी पायऱ्या उतरून खाली आले तेव्हा ती बाई लिंबाखाली उभी होती. बाकीचे चहाच्या टपरीकडे गेले होते. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिने हातानेच थांबवलं.

"तो पळाला नाही, मॅडम."

"कोण?" मी विचारलं.

"माझा आजा. तो पळाला नाही कुठं. त्या वावरात विहीर होती. कठडा नव्हता तिले. दोन दिवसानं वर आला." ती अगदी सपाट आवाजात बोलत होती. "आमाले सांगतलं का दारू पेऊन पडला. मालगुजाराच्या माणसायनं सांगतलं, गावानं मानलं. आमची आजीही तेच समजून मेली. माझ्या बापाले जनमभर दारुड्याचा पोरगा म्हणत आले लोक. तवा तो पाळण्यात होता. त्या पायी त्यानं थेंबाले हात लावला नाही कवा, लग्नातही नाही."

मी खाली बसले, लिंबाच्या पारावर.

"अंधाराचा तो तिकडं काहून गेला, हे आमच्या घरी कोणालेच माहीत नव्हतं," ती म्हणाली. "तुमच्या घरी सगळ्याइले माहीत होतं."

आमच्या घरी माहीत होतं ते हे, की तो पळाला. मी तसं म्हणाले. म्हणताना मला माझाच आवाज खोटा वाटला. आजोबांचा तंबू त्या वावराच्या कडेला होता. कंदील फिरताना त्यांनी पाहिला होता, म्हणजे तो विझताना किंवा दिसेनासा होतानाही पाहिला असेल. गावात दोन दिवसांनी माणूस विहिरीत सापडतो आणि त्याच गावात मुक्काम असलेल्या मोजणीदाराला कळत नाही, असं कसं होईल? त्यांना ठाऊक होतं. याचा पुरावा माझ्याकडे नाही, पण मला तसंच वाटतं. म्हणूनच मी विचारलं तेव्हा ते तसे खेकसले. मेलेल्या माणसाला त्यांनी गोष्टीत पळवून लावलं, आणि आयुष्यभर चहाबरोबर पळवत राहिले.

"घर तं जाईन," ती बाई म्हणाली. "ते मले तिथंच समजलं, ते लोक हासले तवा. पण तुमी एकडाव आमच्या घरी चला. माझ्या बापाले सांगा. मी सांगन तं त्याले वाटन, पोरगी समजूत घालून राहिली. तुमी त्या साहेबाची नात. तुमच्या तोंडून आयकू द्या."

मी त्याच दिवशी गेले. पुन्हा यायची माझी हिंमत झाली असती की नाही, सांगता येत नाही. तिच्या भावाच्या मोटारसायकलवर मागे बसून गेले, दोन्ही बाजूंना मोसंबीच्या आणि संत्र्याच्या बागा, पंपांचा आवाज. वस्तीत शिरताना मला बगिच्याचं जुनं तारेचं कुंपण दिसलं आणि अलीकडे जमिनीवर मारलेली चुन्याची रेघ. ती रेघ तिच्या घराच्या अंगणातून घुसून, चुलीजवळून मागच्या भिंतीला गेली होती. कुणी शेणाने सारवून ती पुसायचा प्रयत्न केला होता, तरी दिसत होती.

म्हातारा बाजेवर बसलेला होता. ऐंशीच्या पुढचा, अंगाने वाळलेला, दाढी स्वच्छ केलेली. कानाने कमी ऐकू येत होतं. मुलीने त्याच्या कानाशी तोंड नेऊन मी कोण ते सांगितलं. त्याने दोन्ही हात जोडले. मी त्याच्या पायांशी बसणार होते, तर त्याने बाजेवर स्वतःशेजारी जागा केली.

मी सांगायला सुरुवात केली. या वेळी आजोबांचा सूर लागू दिला नाही. जिथे ते थांबत तिथे मी थांबले नाही. तुमच्या वडिलांनी सुई हरवली नव्हती, माझ्या आजोबांनी ती गवतात फेकली होती. हातात दिली असती तर हरवली नसती. त्यांना मारलं. त्यांना दिवसभराच्या कामानंतर जेवायला दिलं नाही. ती सुई शोधायला त्यांना अंधारात विहिरीच्या वावरात पाठवलं. त्यांच्या हातात कंदील होता आणि ते बराच वेळ शोधत होते, हे माझ्या आजोबांनी तंबूतून पाहिलं होतं. सगळं मोठ्याने सांगावं लागत होतं, म्हणून घसा बसत चालला. दारात शेजारच्या बायका येऊन उभ्या राहिल्या.

माझं संपल्यावर म्हातारा जमिनीकडे बघत राहिला. त्याची मुलगी पदराने तोंड झाकून भिंतीशी उभी होती. घर आता राहणार नाही, हे त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्या घटकेला त्याने ते विचारलंही नाही. त्याने मान वर केली आणि एवढंच विचारलं.

"तो पेऊन नव्हता?"

"नाही, बाबा. उपाशी होते."

"नव्हता पेऊन?"

"नव्हते."

त्याने दाराकडे बोट केलं, जिथे गल्लीतली माणसं जमली होती, काही त्याच्या वयाची.

"त्याइले सांगा," तो म्हणाला. "जोरानं सांगा, बाई. साऱ्या गावाले आयकू जाऊ द्या."

मी उठले, दारात जाऊन उभी राहिले, आणि सांगितलं.